मनुका आमच्या घरच्या

आमच्या घरी बाजारातल्या मनुका येत नाहीत. हे वाक्य मी लग्नात, मुंजीत, दवाखान्यात नंबर लावून बसलेलो असताना, कुठेही आणि कुणालाही ऐकवत आलोय. बायको शेजारी असली की ती माझ्या कोपराला हळूच चिमटा काढते. काढू दे. नाशिकला राहायचं, चारी बाजूंनी द्राक्षाच्या बागा, आणि मनुका आणायच्या पाकिटातल्या, हे मला पटत नाही. मार्च-एप्रिलात आमच्या गच्चीवर द्राक्षं वाळतात, मे लागायच्या आत बरणीत जातात आणि थंडी पडली की डिंकाच्या लाडवांत, शिऱ्यात, नाहीतर नुसतीच मूठमूठ तोंडात. माझी बहीण, बायकोचा भाऊ, शेजारी, मुलीचं सासर, सगळ्यांकडे दिवाळीनंतर एकेक बरणी जाते. पस्तीस वर्षं हे चाललंय. ह्यात माझा वाटा म्हणाल तर नाशिक रोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यापर्यंत क्रेट चढवणे, एवढाच. बढाई मात्र सगळी माझी असते.

काम सगळं हिचं. ही सायखेड्याकडची, बागेत वाढलेली. लहानपणी शाळेला सुट्टी असली की आईबरोबर विरळणीला जायची. विरळणी म्हणजे घडातले दाट मणी बारक्या कात्रीने कापून काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. त्यामुळे घड नुसता उचलला तरी तो कसा निघेल ते हिला कळतं. मनुकांसाठी हिची रीत ठरलेली. मणी ओढून तोडायचा नाही, देठाचा बारीकसा तुकडा ठेवून कात्रीने कापायचा, म्हणजे तोंड उघडं पडत नाही आणि रस गळत नाही. पातेल्यात पाण्याला उकळी आणायची, त्यात चमचाभर खाण्याचा सोडा, आणि चाळणीत मणी घेऊन थोडाच वेळ बुडवायचे. सालीला केसासारख्या बारीक चिरा गेल्या की बाहेर. मग गच्चीवर बाजेवर धुतलेली पांढरी चादर, वरून जुनी साडी ताणलेली, म्हणजे वारा लागतो आणि ऊन थेट बसत नाही. संध्याकाळी सगळं गोळा करून जिन्याच्या खोलीत. हे असं दहा-बारा दिवस.

झाल्या की नाही, हे मात्र ती बोटांनी ठरवायची. उजव्या हाताची मूठ भरून घ्यायची, दाबायची, उघडायची. दाणे सुटे झाले तर बरणी, एकमेकांना चिकटून राहिले तर परत चादरीवर. मी विचारायचो, "झाल्या का?" आणि ती उत्तर न देता मूठ उघडून दाखवायची.

गेल्याच्या आदल्या वर्षी दसरा होऊन आठवडा झाला होता. सकाळी चहाचा कप हिच्या हातातून सुटला. मी आपला नेहमीसारखा ओरडलो, "लक्ष कुठंय तुझं?" ते वाक्य मला अजून खातं. तिला झटका आला होता. उजवी बाजू गेली. दवाखान्यात अठरा दिवस काढले. तोंड सरळ झालं, बोलणं परत आलं, पाय काठीच्या आधाराने चालायला लागला. हात तेवढा राहिला. बोटं थोडी वाकायची, पण त्यांना कळायचं काही नाही. गरम-गार नाही, खरखरीत-मऊ नाही.

घरी आल्यावर ती चिडली असती, रडली असती, तर मला समजलं असतं. तसं काही नाही. भाजीला मीठ जास्त झालं, तरी "ठीक आहे". पडदे कुठले लावू, "कुठलेही". माझी बायको होला हो करणारी बाई नव्हे हो. पस्तीस वर्षांत मी आणलेल्या एकाही कोथिंबिरीच्या जुडीला तिने चांगलं म्हटलं नव्हतं. आणि आता मी पिवळी पडलेली जुडी मुद्दाम तिच्यासमोर धरली तर ती म्हणाली, "असू दे." मला तेव्हा खरोखर भीती वाटली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने सांगितलं होतं, रोज गच्चीपर्यंत जिना चढायचा. ती एक दिवसही चढली नाही. माहेरी तर नावच काढायचं नाही. "असा हात घेऊन मी तिथं जाणार नाही," एवढंच म्हणाली होती, आणि तेही शांतपणे.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा एकदा जेवताना म्हणाली, "ह्या वर्षापासून मनुका बंद. लागल्या तर बाजारातल्या आणा."

मी घास खाली ठेवला. म्हटलं, "मी करतो की. तू नुसतं सांग."

"तुम्ही करणार, आणि हात कोण लावणार? डाव्या हाताने चाचपून, डाव्या हाताने भरून लोकांच्या घरी खायला पाठवू? मला नाही जमायचं ते."

पुण्याहून मुलीचा फोन आला तेव्हा तीही म्हणाली, "बाबा, आईला कशाला त्रास? ऑनलाइन मागवू." मुलीचं मन चांगलं, पण मला संताप आला. मनुका घरी आल्या काय आणि न आल्या काय, जगात कुणाचं काही अडत नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण ज्या एका गोष्टीत अख्ख्या गोतावळ्यात हिचा शब्द शेवटचा होता, ती तिने स्वतःहून खाली ठेवली होती. ती परत उचलली नाही तर ही बाई मला परत मिळणार नाही, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

म्हणून मी तिला न सांगता मेव्हण्याची बाग गाठली. हिचा धाकटा भाऊ तो. त्या दिवशी एक्स्पोर्टच्या मालाची तोडणी चालली होती. काय माल होता म्हणून सांगू. अंगठ्याच्या पेराहून मोठा एकेक मणी, सगळे एका मापाचे. माझी छाती उगाचच फुगली. म्हटलं, माझ्या बायकोच्या मनुका म्हणजे काय ऐऱ्यागैऱ्या द्राक्षांच्या? परदेशात जातो तोच माल घेणार.

मेव्हणा डोकं खाजवत म्हणाला, "दाजी, हे खायाला न्या. मनुकांचं ताईला इचारलं का पण?"

"विचारायचं काय त्यात? एवढी वर्षं बघतोय मी."

गरीब माणूस तो. दोन क्रेट गाडीत ठेवून दिले.

घरी हिने ते बघितले. एक मणी उचलून डोळ्यांसमोर धरला, परत ठेवला आणि पलंगावर जाऊन पडली. मला वाटलं, दमली असेल. मग मी एकट्याने दोन दिवस खपून मणी कापले, उकळत्या पाण्यात बुडवले, बोटं पोळून घेतली, गच्चीवर बाज टाकली, चादर अंथरली, साडी ताणली. खालच्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालायला आल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही?" मी म्हटलं, "मग, काय कठीण आहे त्यात?" तिसऱ्या दिवशी साली सुरकुतल्या आणि मी हवेत गेलो. पाचव्या दिवशी एक ताटली भरून खाली आणली आणि हिच्यापुढे धरली.

तिने हात लावला नाही. नाक ताटलीजवळ नेलं आणि मान वर केली.

"हे आंबलंय."

"काहीतरीच. चांगल्या सुरकुत्या पडल्यात बघ."

"वरून सुरकुत्या पडल्या हो. आत पाणीच आहे. फोडून बघा." मी एक दाणा फोडला तर आतून पाणी आलं, आणि वासही आला. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला एक्स्पोर्टचा माल आणायला? तो फुगवलेला असतो दिसण्यासाठी. त्यात गोडी किती आणि पाणी किती? मनुकांना बारके मणी लागतात, वेलावर पिकून पिवळे झालेले. एवढी वर्षं नुसते क्रेट उचललेत, आत काय आहे ते एकदा तरी बघितलंत का?"

आवाज चढत गेला होता. मी ताटली धरून उभाच. मग तिने काठी ओढली. "चला. सगळ्याचंच वाटोळं केलंय का बघू द्या मला."

जिन्याच्या एकवीस पायऱ्या आहेत आमच्याकडून गच्चीला. पाच महिन्यांत एक न चढलेली बाई काठी टेकत, मला लाखोली वाहत चढायला लागली. चार पायऱ्या, थांबायचं, श्वास घ्यायचा, की पुन्हा माझा उद्धार. "विचारायला तोंड नव्हतं?" दोन पायऱ्या. "माझ्या भावाने कसे दिले पण हे? त्यालाही बघते." मी एक पायरी मागे, हात पसरून, पडली तर धरायला. वर पोचली तेव्हा घामाने डबडबली होती. तिने चादरीचा कोपरा उचलला. खालून चादर ओली, माश्या उडाल्या. दोन्ही क्रेट गेले होते.

मला खरं तर वाईट वाटायला पाहिजे होतं. द्राक्षं वाया गेली, दोन दिवसांचे कष्ट गेले, बोटांना फोड आलेले. पण तिथे उन्हात उभा राहून मी बायकोच्या शिव्या खात होतो आणि मला रडू येत होतं. किती महिन्यांनी खात होतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "रडताय काय? चादर उचला ती, मुंग्या लागतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती साडी नेसून, म्हणजे माझ्याकडून निऱ्या करून घेऊन, दारात तयार. मी विचारलं, कुठे? म्हणाली, "द्राक्षं निवडायला तुम्ही जाऊन बघितलंत ना एकदा." मी गाडी काढली. सायखेड्याच्या रस्त्याला लागल्यावर तिने उजवा हात पदराखाली घेतला. गोदावरीचा पूल आला तसा पदर आणखी ओढून घेतला. मी समोर बघत गाडी चालवत राहिलो, आणि न बोलणं मला किती जड जातं ते मला ओळखणाऱ्यांना विचारा.

मेव्हण्याची बायको ओट्यावर उभी होती. मला वाटलं, आता डोळे पुसणार, गळ्यात पडणार, आणि ही पुन्हा मिटणार. तसलं काही झालं नाही. ती बाई सरळ जवळ आली, हिचा पदर बाजूला केला आणि हात हातात घेऊन बघितला.

"वन्सं, लय दिसांनी आलात. ह्यो हात नाय येत अजून?"

"नाही गं."

"बरं. मंग त्या दुसऱ्या हातात कात्री देते," असं म्हणून तिने विरळणीची कात्री हिच्या डाव्या हातात ठेवली. "कडच्या ओळींत बारका माल राहिलाय. व्यापाऱ्यानं सोडला. आठ दिसांत छाटणी हाय, त्याच्या आत न्या काय न्यायचं ते."

बागेच्या कडेला पार बांधालगत ते वेल होते. घड लहान, विरळ, मणी हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे आणि उन्हाच्या बाजूने पिवळे पडलेले. मी असला माल रस्त्यावर पडला असता तरी उचलला नसता. हिने एक मणी तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मग पुढच्या वेलाचा एक, मग त्याच्या पुढच्याचा. एक वेल सोडून दिला, "हा अजून आंबट आहे," म्हणाली. मी घड धरायचा, ती कापायची. डाव्या हातात कात्री आधी वाकडीतिकडी चालली. दोनदा माझं बोट सापडलं, आणि मला शंका आहे की त्यातली एक वेळ जाणूनबुजून होती.

मध्येच ती थांबली. म्हणाली, "डाव्या हाताने चाललंय सगळं. लोकांच्या घरी खायला जायचंय हे."

मेव्हण्याची बायको शेजारच्या ओळीत होती. ती तिथूनच म्हणाली, "वन्सं, माझ्याकडं इरळणीला दोन डावखुऱ्या बाया येत्यात. त्यांनी डाव्या हातानी इरळलेली द्राक्षं बोटीनं लंडनला जात्यात. तिकडून कुणी इचारीत नाय बघा, कोणत्या हाताची म्हणून."

ही हसली. पहिल्यांदा हसली दसऱ्यानंतर, आणि चांगली मोठ्यांदा. मेव्हणा बांधावरून धावत आला काय झालं बघायला. त्यालाही मग त्या एक्स्पोर्टच्या मालावरून जे ऐकायचं होतं ते ऐकायला मिळालं.

तीन क्रेट आणले. ह्या वेळी मी फक्त हातपाय होतो, डोकं सगळं तिचं. ती ओट्याजवळ खुर्ची टाकून बसायची आणि चाळणी पाण्यात गेली की आकडे मोजायची. मी पंधरापर्यंत थांबायला तयार, तर ती अकरालाच "काढा" म्हणायची. बारक्या मण्याची साल पातळ असते, हे मला पस्तीस वर्षांनी कळलं. गच्चीवर ती सकाळी एकदा आणि चारच्या सुमाराला एकदा चढायची. व्यायामवाली मुलगी आली तर ही वरच. पोरगी दोन दिवस नुसतं बघत बसली आणि म्हणाली, "काका, मला आता काय शिकवायचं राहिलंय?"

नवव्या दिवशी मी मूठ भरली, दाबली, उघडली. दाणे सुटे. म्हटलं, झालं, बरण्या काढतो.

तिने सवयीने उजवा हात पुढे केला. मी त्यात थोड्या मनुका ठेवल्या. बोटं मिटली, पण तिच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. उघडायला गेली तर दाणे खाली सांडले. ती सांडलेल्या दाण्यांकडे बघत राहिली. मीही वाकलो नाही, हात पुढे केला नाही, काही समजावलं नाही. आयुष्यात मी जी थोडी शहाणपणाची कामं केली, त्यातलं हे एक. मग तिने काठी भिंतीला लावली, डाव्या हाताने मूठ भरली, दाबली. उघडली. पुन्हा भरली. डोळे मिटून अंगठ्याने एकेक दाणा चाचपला. फार वेळ लागला.

"नाही झाल्या."

"अगं, माझ्या हातात सुट्या होतायत."

"तुमची मूठ म्हणजे लोखंडी पाना, तिला काय कळतंय? आत अजून मऊ आहे. दोन दिवस ठेवा."

मी वाद घातला. हवामान बिघडलंय, ढग येतायत, म्हटलं. तिने एकदाच माझ्याकडे बघितलं, पूर्वीसारखं, आणि मी चादर सारखी करायला लागलो. दोन दिवसांनी तिने मूठ दाबली आणि काही न बोलता माझ्यापुढे उघडून धरली. सगळे दाणे सुटे. नवव्या दिवशीचे मूठभर मी हट्टाने एका डबीत बाजूला ठेवले होते, माझंच खरं दाखवायला. आषाढात डबी उघडली तर पांढरी बुरशी. ती डबी मी तिला नेऊन दाखवली. लपवली असती तर चाललं असतं, पण मला ती तिला दाखवायचीच होती.

मागच्या डिसेंबरात कडाका पडला. आमच्याकडे लाडू वळायला मुलगी पुण्याहून आली होती. वाटायच्या बरण्या भरायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "आई, तू बस, मी भरते." मी काही म्हणायच्या आत आईनेच तिला कपडे आवरायला आतल्या खोलीत धाडलं. मग डाव्या हाताने मूठ मूठ करून तिने अकरा बरण्या भरल्या. माझी बहीण आली तेव्हा बरणी डाव्या हातात घेऊन उजवा हात तिने वर नुसता टेकवला आणि दिली. बहिणीने दोन्ही हातांनी घेतली, झाकण उघडलं, चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाली, "वहिनी, औंदा गोडी जास्तच आहे गं." मी लगेच सुरू झालो, कडेच्या ओळींचा माल, बारके मणी, अकरापर्यंत मोजायचं. कोपराला चिमटा बसला. डाव्या हाताचा चिमटा जोरात बसतो, हे तेव्हा कळलं.

सगळे गेल्यावर मी कप विसळत होतो. बाहेरच्या खोलीत ती फोनवर बोलत होती, स्पीकर लावून, कारण एका हाताने फोन धरून ती दमते. पलीकडे मेव्हण्याची बायको होती. थंडीने मण्यांना चिरा पडतात की काय, ह्याच्या काळजीत दोघी होत्या. मग ही म्हणाली, "हे बघ, मार्चमध्ये तोडणी लागली की कडेच्या दोन ओळी माझ्या. व्यापाऱ्याला हात लावू द्यायचा नाही. आणि पुढच्याही वर्षी त्याच ठेव. दरवर्षी फोन करायला लावू नको मला."

"बरं वन्सं. दाजींना पाठवता का घ्यायाला?"

"ह्यांना कशाला? हे मोठेच उचलतील. मी येते."

मी नळ बंद केला, म्हणजे पुढचं नीट ऐकू येईल.